जुने सॉफ्टवेअर, नवा कॉम्प्युटर आणि पेढीची वही

मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान चालविणारे एक वडीलधारे व्यापारी आमच्या परिचयाचे आहेत. बाजारात सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकानातील मालाचा साठा, बिले आणि गॅरेजवाल्यांची उधारी हे सारे ते गेली पंचवीस वर्षे एकाच कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर ठेवत आले. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे, माउसची गरज नाही. ऐन मार्चअखेरीस त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. मुलाने त्याच दिवशी नवा आणला, जुन्या हार्डडिस्कमधील सगळे फोल्डर त्यात उतरविले आणि प्रोग्रॅमवर क्लिक केले. पडद्यावर एक ओळ आली: हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी एक गॅरेजवाला आला. "चाचा, माझ्याकडे किती निघतात तेवढे सांगा, आज हिशेब मिटवून टाकतो." चाचांजवळ सांगण्यासारखा आकडा नव्हता. ते म्हणाले, "बेटा, अंदाजे अठरा हजार असतील." गॅरेजवाल्याने एक शब्द न बोलता अठरा हजार मोजून दिले. चाचांनी ते घेतले, परंतु रात्री त्यांना झोप लागली नाही.

नवा कॉम्प्युटर विकणाऱ्याचे म्हणणे सरळ होते. जुने सॉफ्टवेअर फेकून द्या, नवे घ्या, उधारीचे आकडे हाताने भरा. दुकानातील जुन्या नोकराचे म्हणणे त्याच्या अगदी उलट होते. कुठून तरी जुनाच कॉम्प्युटर शोधून आणा आणि पूर्वीसारखे चालू ठेवा. आमच्या मते दोघांचेही चुकले. हा प्रश्न एकट्या चाचांचा नाही. आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांवर ही वेळ आलेली आहे किंवा येणार आहे, म्हणून त्याचा सविस्तर विचार करणे आवश्यक वाटते.

जुन्यावर चालणे हे अडाणीपणाचे लक्षण नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुना प्रोग्रॅम वापरणारा व्यापारी मागासलेला आहे असे समजण्याचे कारण नाही. १९९० च्या दशकात गावोगावी कॉम्प्युटर आले तेव्हा डॉसवर चालणारे हिशेबाचे प्रोग्रॅम आले. फॉक्सप्रो, क्लिपर, डीबेस ही त्या काळातील साधने. एखादा होतकरू तरुण दुकानात येऊन बसायचा, धंदा कसा चालतो ते पाहायचा आणि त्याच दुकानासाठी प्रोग्रॅम लिहून द्यायचा. त्यामुळे तो प्रोग्रॅम त्या दुकानाच्या अंगाला बरोबर बसलेला असायचा. सुतवाल्याला काउंट आणि लॉट नंबर हवा, स्पेअर पार्टवाल्याला पार्ट नंबर हवा, लाकूडवाल्याला घनफूट हवेत. बाजारातून आणलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये हे सारे सहजासहजी सापडत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. चाचांचा नोकर पार्ट नंबर टाकतो, दोन बटणे दाबतो आणि गिऱ्हाईक पाकीट काढेपर्यंत बिल प्रिंटरवर आलेले असते. जे काम करते आहे ते केवळ जुने झाले म्हणून टाकून देणे हा व्यापार नाही, उधळपट्टी आहे. शिलाई मशीन किंवा लेथ जुने झाले म्हणून कोणी टाकून देतो काय? आपण ते दुरुस्त करून घेतो, तेल देतो आणि चालवितो.

मात्र सॉफ्टवेअर आणि लेथ यांत एक मोठा फरक आहे. लेथला जमीन आणि वीज मिळाली की तो चालतो. सॉफ्टवेअरच्या पायाखालची जमीन दर काही वर्षांनी बदलते, आणि ती बदलण्यापूर्वी आपल्याला कोणी विचारत नाही.

नवा कॉम्प्युटर नकार का देतो?

हे समजून घेतले तर निम्मी भीती कमी होते. इंटेल कंपनीचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ मध्ये आला. तो एका वेळी १६ बिट माहिती हाताळीत असे. डॉस आणि त्यावरील प्रोग्रॅम याच जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिले गेले. पुढे १९८५ मध्ये ८०३८६ आला, तो ३२ बिटचा. परंतु त्यात जुन्या प्रोग्रॅमसाठी एक खास सोय ठेवलेली होती. त्या सोयीच्या आधारावर विंडोज ९५, विंडोज ९८, आणि नंतर विंडोज एक्सपीसुद्धा, डॉसचे प्रोग्रॅम चालवीत राहिले. म्हणून वीस वर्षे कोणाला काही जाणवले नाही.

२००३ पासून साध्या कॉम्प्युटरमध्येही ६४ बिटचे प्रोसेसर येऊ लागले. ६४ बिटच्या अवस्थेत चालताना हा प्रोसेसर डॉससाठीची ती जुनी सोय देत नाही, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने १६ बिटचे प्रोग्रॅम चालविण्याची व्यवस्थाही ठेवली नाही. विंडोज ७ आणि विंडोज १० हे ३२ बिट व ६४ बिट अशा दोन्ही प्रकारांत मिळत. ज्यांच्याकडे ३२ बिटचे विंडोज होते त्यांचे भागत राहिले. २०२१ मध्ये विंडोज ११ आले ते केवळ ६४ बिटमध्ये. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. याचा अर्थ असा की जी मागची खिडकी उघडी होती, तीही आता बंद झाली आहे.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आपला प्रोग्रॅम १६ बिटचा आहे की ३२ बिटचा? डॉसचा असेल किंवा विंडोज ३.१ च्या काळातील असेल तर तो १६ बिटचा समजावा. अपवाद थोडेच असतात. विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या काळात घेतलेला बहुधा ३२ बिटचा असतो. या दोहोंची औषधे वेगवेगळी आहेत. औषधे अदलाबदल केल्यामुळेच अनेकांचे दिवस आणि पैसे वाया जातात.

३२ बिटचा प्रोग्रॅम असेल तर

असा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर बहुतेक वेळा चालतो, थोडे समजावून घ्यावे लागते इतकेच. प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडावे, त्यात कंपॅटिबिलिटी हा भाग असतो. तेथे विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ निवडून पाहावे. कित्येकदा प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचा असतो, पण तो बसविणारी सेटअप फाइल १६ बिटची निघते. अशा वेळी जुन्या कॉम्प्युटरवर बसविलेले संपूर्ण फोल्डर उचलून आणले तरी काम होऊ शकते.

येथे एक सापळा आहे, तो नीट लक्षात ठेवावा. विंडोज व्हिस्टा आल्यापासून, म्हणजे २००७ पासून, साध्या प्रोग्रॅमला ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा नाही. जुन्या प्रोग्रॅमची मात्र सवय अशी की स्वतःच्या फोल्डरमध्येच हिशेब लिहून ठेवायचा. मग विंडोज मध्येच हस्तक्षेप करते आणि तो हिशेब गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये लिहिते. हे फोल्डर वापरणाऱ्याच्या नावाखाली आडबाजूला लपलेले असते. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, आपण दर शुक्रवारी मूळ फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतो आणि निश्चिंत होतो. ज्या दिवशी कॉम्प्युटर बिघडतो त्या दिवशी कळते की कॉपी दोन वर्षांपूर्वीच्याच आकड्यांची आहे! म्हणून जुना प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवू नये. सी ड्राइव्हवर त्याच्यासाठी स्वतंत्र फोल्डर करावे आणि तेथेच ठेवावा.

डॉसचा प्रोग्रॅम असेल तर

चाचांचा प्रोग्रॅम या जातीचा होता. येथे कंपॅटिबिलिटीचे बटण कितीही दाबले तरी उपयोग नाही. उपाय असा की नव्या कॉम्प्युटरच्या आत जुन्या कॉम्प्युटरची एक खोली बांधायची. हे काम करणारे प्रोग्रॅम आहेत आणि त्यांतील चांगले प्रोग्रॅम फुकट मिळतात.

त्यात डॉसबॉक्सचे नाव सर्वांत प्रसिद्ध आहे. तो २००२ पासून आहे. तो जुन्या काळच्या कॉम्प्युटरचे हुबेहूब सोंग घेतो. परंतु तो मुळात जुने खेळ चालविण्यासाठी केलेला आहे. त्यामुळे छपाईची सोय मूळ डॉसबॉक्समध्ये नाही, आणि दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी एकच हिशेब उघडला तर फाइलला कुलूप लावण्याच्या बाबतीत त्याच्यावर विसंबता येत नाही. दोन नोकरांनी एकाच वेळी नोंद केली आणि एकाची नोंद दुसऱ्यावर बसली, तर ती चूक सापडणेही कठीण. म्हणून पेढीच्या कामासाठी व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स हे पर्याय पाहावेत. व्हीडॉस हा तर हिशेबासारख्या अक्षरी प्रोग्रॅमसाठीच तयार केलेला आहे.

दुसरा मार्ग आहे तो व्हर्च्युअल मशीनचा. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम घेऊन त्यात एक संपूर्ण कल्पित कॉम्प्युटर उभा करायचा आणि त्यावर जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची. डॉसच हवे असेल तर १९९४ मध्ये सुरू झालेले फ्रीडॉस उपलब्ध आहे. ते फुकट आहे आणि कायदेशीरही. एक्सपी बसवायचे असेल तर मात्र त्याचा आपल्या हक्काचा परवाना हवा, ही गोष्ट विसरू नये. या मार्गाचा मोठा फायदा असा की तो सबंध कल्पित कॉम्प्युटर दोन-चार फाइलींत मावतो. त्या फाइलींची कॉपी घेतली की प्रोग्रॅम, हिशेब आणि जुनी विंडोज सगळे एकदम सुरक्षित. उद्या हा कॉम्प्युटर जळाला तरी दुसऱ्यावर तेच बिऱ्हाड जसेच्या तसे मांडता येते.

काही प्रोग्रॅम असे असतात की ते आजच्या कॉम्प्युटरच्या वेगानेच गोंधळतात. बोर्लंड पास्कलमध्ये लिहिलेले जुने प्रोग्रॅम २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन बंद पडत. सुरुवातीला कॉम्प्युटरचा वेग मोजण्याच्या गणितात भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावणार नाही एवढे मोठे येई, एवढेच त्याचे कारण. डॉसबॉक्समध्ये हा वेग कमी करता येतो. अशा संदेशाने घाबरून हिशेब गेला असे समजू नये.

प्रिंटर आणि डोंगल

प्रोग्रॅम सुरू झाला की पुढचे भांडण प्रिंटरशी. डॉसचा प्रोग्रॅम एलपीटी नावाच्या जुन्या पोर्टकडे साधी अक्षरे पाठवितो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ती अक्षरे थेट समजतात. आजचे अनेक स्वस्त प्रिंटर मात्र स्वतःहून अक्षरे ओळखत नाहीत. विंडोजने संपूर्ण पानाचे चित्र तयार करून द्यावे अशी त्यांची अपेक्षा असते. व्हीडॉस ही अक्षरे मध्येच पकडून विंडोजच्या प्रिंटरकडे सोपवू शकते. तरीही आमचा सल्ला असा की दुकानात चांगला चाललेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर तो भंगारात घालू नका. कार्बन लावून एकदम तीन प्रती काढण्याचे काम अजूनही त्याच्यासारखे कोणी करीत नाही.

डोंगलचे दुखणे छापखानेवाल्या आणि एम्ब्रॉयडरीवाल्या बांधवांना चांगले ठाऊक आहे. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे लावायची सॉफ्टवेअरची चावी. जुने डोंगल प्रिंटरच्या पोर्टला लागत आणि नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसते. बाजारात यूएसबीला लावायची वायर मिळते, ती प्रिंटरसाठी ठीक आहे, डोंगल मात्र बहुधा तिच्यावर ओळखला जात नाही. आतून बसवायचे पोर्टचे कार्ड घेतल्यास कधी कधी काम होते. परंतु डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर ६४ बिटच्या विंडोजमध्ये तो चालणारच नाही. अशा वेळी कोणीतरी कानात सांगतो, "क्रॅक टाकून देतो, डोंगलच लागणार नाही." या मोहापासून दूर राहावे. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ज्याने दुसऱ्याचे कुलूप फोडले त्याच्या हाती आपण आपल्या तिजोरीची खोली देत असतो. क्रॅकबरोबर आणखी काय आत शिरले हे आपल्याला दिसत नाही. त्यापेक्षा मूळ कंपनीला पत्र लिहावे आणि जुना डोंगल देऊन नवा मिळतो काय ते विचारावे. कंपनी चालू असेल तर काही ना काही मार्ग निघण्याची शक्यता असते.

छापखान्यांची आणखी एक अडचण अक्षरांची आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरे बसविलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की लग्नपत्रिकेच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, त्याचा पोशाख हरवलेला असतो. म्हणून प्रोग्रॅमबरोबर फॉन्टच्या फाइलीही जपल्या पाहिजेत आणि महत्त्वाचा मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये बदलून घेतला पाहिजे. जुन्या पद्धतीने केलेल्या उर्दू मजकुराचेही तेच.

एम्ब्रॉयडरीच्या जुन्या यंत्रांना डिझाइन फ्लॉपीवरून द्यावे लागते. सोनीने जपानमध्ये फ्लॉपी विकणे मार्च २०११ मध्ये थांबविले, त्यावरून काय ते ओळखावे. परंतु त्यासाठी यंत्र बदलण्याची गरज नाही. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारे आणि पेन ड्राइव्ह घेणारे छोटे उपकरण मिळते. घेताना आपले यंत्र १.४४ एमबीची फ्लॉपी घेते की ७२० केबीची, हे आधी पाहून घ्यावे.

जुनाच कॉम्प्युटर चालू ठेवला तर?

काही जण म्हणतील, ही एवढी खटपट कशाला? जुना एक्सपीचा कॉम्प्युटर कोपऱ्यात आहे, तो चालतो आहे. चालू द्या, आमची हरकत नाही, परंतु एक अट आहे. त्याला इंटरनेट जोडू नका. एक्सपीची मदत ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी संपली. त्यानंतर सापडलेली भोके सर्वसामान्यांसाठी बुजविली जात नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरवरील फाइलींना कुलूप लावून त्याने खंडणी मागितली. ज्यांनी दोन महिने आधी आलेली दुरुस्ती बसविली नव्हती, तेच त्यात सापडले. ज्या कॉम्प्युटरवर पेढीचा हिशेब आहे, त्याच कॉम्प्युटरवर मुले सिनेमे उतरवून घेतात, हे चित्र आपल्या दुकानांत नवे नाही.

आणि इंटरनेट तोडले तरी हार्डडिस्कचे आयुष्य वाढत नाही. ती एक दिवस बसणारच. प्रश्न एवढाच की त्या दिवशी आपल्या हातात दुसरी प्रत आहे की नाही.

खरी मालमत्ता कोणती?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. प्रोग्रॅम ही पेटी आहे. मालमत्ता त्या पेटीतील वही आहे. पेटी मोडकी झाली तर बदलता येते, पण वही पेटीत अडकून राहता कामा नये.

जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट आहे. फॉक्सप्रो, डीबेस आणि क्लिपर यांचा हिशेब बहुधा डीबीएफ नावाच्या फाइलींत असतो, आणि ही पद्धत सर्वांना माहीत असलेली आहे. लिबरऑफिस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर अशा फाइली सरळ तक्त्याच्या रूपात उघडते. म्हणजे मूळ प्रोग्रॅम एकदाही सुरू झाला नाही तरी गिऱ्हाइकाचे नाव, तारीख आणि रक्कम वाचता येण्याची चांगली शक्यता असते. मात्र काम नेहमी कॉपीवर करावे, मूळ फाइलींना हात लावू नये. आणि कॉपी घेताना संपूर्ण फोल्डर घ्यावे. लांब शेरे वेगळ्या फाइलीत असतात आणि क्रम लावणारी सूचीही वेगळी असते. एकटी डीबीएफ उचलली तर वही येते, पण तिची काही पाने मागे राहतात. तारखांकडेही लक्ष द्यावे. २००० सालापूर्वीच्या पद्धतीने वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे प्रोग्रॅम अजून आहेत.

फॉक्सप्रो बनविणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतली. त्याची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये मदतही संपली. एवढ्या मोठ्या कंपनीने हात काढून घेतला, तेथे आपल्या गल्लीतील प्रोग्रॅम लिहून देणारा आयुष्यभर पुरेल अशी अपेक्षा कशी ठेवावी? तो दुबईला जातो, नोकरीला लागतो किंवा अल्लाहला प्यारा होतो. पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. याला तो जबाबदार नाही. आपण त्याच वेळी लिहून घेतले नाही, ही आपली चूक आहे.

म्हणून येथून पुढे कोणतेही सॉफ्टवेअर घेताना, मग ते गल्लीतील असो की इंटरनेटवर मासिक भाड्याने घ्यायचे असो, विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: उद्या मी तुम्हाला सोडले तर माझा सगळा हिशेब मला कोणत्या रूपात मिळेल? जो याचे सरळ उत्तर देत नाही, त्याच्याकडे आपली वही ठेवू नका. जमिनीचा व्यवहार करताना आपण सातबारा पाहतो. येथे तर वर्षानुवर्षांच्या लोकांच्या रकमा आहेत.

पूल आणि घर

मग जुन्या प्रोग्रॅमवर कायमचे राहायचे काय? आमचे उत्तर नाही असे आहे. डॉसबॉक्स, व्हीडॉस किंवा व्हर्च्युअल मशीन हे पूल आहेत. पुलावरून पलीकडे जायचे असते, त्यावर घर बांधायचे नसते.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. ज्यांचा जुना प्रोग्रॅम लिहिणारा हजर होता त्यांनी बदल करून घेतले. बाकीच्यांनी जुन्या प्रोग्रॅममधील एखाद्या रकान्यात कराची रक्कम कोंबून कसेबसे भागविले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांना दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. काळ्या पडद्यावरचा प्रोग्रॅम हे काम स्वतःहून करू शकत नाही. तेव्हा कराची बिले आणि चालू हिशेब यांसाठी आज ना उद्या नवे सॉफ्टवेअर घ्यावेच लागेल.

परंतु नवे घेतले म्हणून जुने मिटवून टाकणेही चालणार नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. अधिकाऱ्याने मागितल्यावर ‘ते जुन्या कॉम्प्युटरमध्ये होते’ हे उत्तर होऊ शकत नाही. म्हणून जुना प्रोग्रॅम वाचता येईल अशा अवस्थेत राहिला पाहिजे. चालू हिशेब नव्यात, जुनी वही पाहण्यासाठी जुन्यात, ही व्यवस्था आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते. बदल करायचा तो १ एप्रिलच्या मुहूर्तावर करावा. शिल्लक पुढे ओढावी आणि निदान एक महिना दोन्हीकडे नोंद करून आकडे जुळवून पाहावेत.

ज्यांचा जुना कॉम्प्युटर आज चालतो आहे, त्यांनी ही सगळी तयारी आजच करावी. आजारी माणसाचे मृत्युपत्र शुद्धीत असताना करायचे असते. संपूर्ण फोल्डरची कॉपी दोन ठिकाणी घ्या, एक दुकानात आणि एक घरी. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. न उघडलेल्या कॉपीला कॉपी म्हणू नये. पासवर्ड, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे नाव आणि फोल्डरचा पत्ता एका कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

आपल्या तरुणांना येथे एक संधीही आहे. मोबाईल दुरुस्तीची दुकाने प्रत्येक चौकात झाली. जुने सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर सुरू करून देणारा आणि जुना हिशेब नव्यात उतरवून देणारा जाणता मुलगा मात्र शोधून सापडत नाही. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. चिकाटी लागते आणि दुसऱ्याच्या हिशेबाकडे अमानत म्हणून पाहण्याची सचोटी लागते. बाजारातील व्यापारी संघटनांनी अशा दोन-चार मुलांना हे काम शिकविले तर मुलांना रोजगार मिळेल आणि बाजाराची सोय होईल.

चाचांचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. शेजारच्या गल्लीतील एका विद्यार्थ्याने दोन संध्याकाळी बसून त्यांचा प्रोग्रॅम व्हीडॉसमध्ये सुरू करून दिला. पहिल्यांदा काळा पडदा आला तेव्हा चाचांनी सर्वप्रथम त्या गॅरेजवाल्याचे खाते उघडले. बाकी निघाली चौदा हजार सहाशे पन्नास. चाचा तसेच उठले, त्याच्या गॅरेजवर गेले आणि तीन हजार तीनशे पन्नास रुपये त्याच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, "चाचा, राहू द्या की, मला कुठे आठवत होते?" चाचा म्हणाले, "बेटा, तुलाही आठवत नव्हते आणि मलाही. म्हणून तर वही लागते."